मावशीचा अंगठा आणि नागपूरचं मोठं कोर्ट



आज आम्ही हप्ता, व्याज आणि कर्जाच्या फाईलबद्दल काही बोलणार नाही. जून महिन्यात आम्ही पाच जणी नागपूरला उच्च न्यायालयात जाऊन आलो. फिरायला नाही गेलो. आमच्या गटातल्या एका मावशीची तिथं तारीख होती. मावशींना विचारूनच आम्ही हे सांगतो आहोत. त्यांचं नाव आणि गाव मात्र सांगणार नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही अंदाज लावत बसू नये. तालुक्यात अशा मावशी एक नाहीत.

आधी आमच्या विधी स्वयंसेविकेबद्दल सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीत धावपळ तिचीच आहे. विधी स्वयंसेविका म्हणजे वकील नव्हे. तिला काळा कोट नसतो, कोर्टात उभं राहून ती कोणाची बाजू मांडत नाही. तालुका विधी सेवा समिती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अशा ज्या व्यवस्था आहेत, त्या गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देतात. २००९ पासून देशभर ही योजना आहे. अर्ज लिहून देणं, कोणतं कागद कोणत्या ऑफिसात मिळतं ते सांगणं, बाईसोबत पोलीस स्टेशनला जाणं, नोटीस आली तर ती वाचून समजावणं आणि योग्य वकिलापर्यंत पोचवणं, एवढं तिचं काम. एवढं म्हणजे किती, ते ज्याला रात्री नऊ वाजता दारावर नोटीस घेऊन उभी राहिलेली बाई दिसते त्यालाच कळतं. आमची ही ताई बारावी झालेली, दोन लेकरांची आई. तिच्या पिशवीत कायम एक कोरा कागद, कार्बन आणि शाईचा पॅड असतो. पॅड तिनं अंगठे घ्यायला नाही ठेवलेला. ती म्हणते, "हा पॅड दिसला की मला आठवतं, आधी वाचायचं."

आता मावशींचं. मावशींचे यजमान वारले तेव्हा दोन्ही पोरी लहान होत्या. सव्वातीन एकर शेत मावशींच्या वाट्याचं, तेवढंच भासऱ्यांच्या वाट्याचं. तेरवी झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भासऱ्यांनी गाडी केली. म्हणाले, सातबाऱ्यावर तुझं अन् पोरींचं नाव चढवायचं आहे, तालुक्याला चालावं लागते. मावशींनी डोक्यावरचा पदर सरळ केला आणि गेल्या. एका ऑफिसात बसवलं, फोटो निघाला, तीन-चार ठिकाणी अंगठा घेतला. येताना भासऱ्यांनी पोरींसाठी जिलेबी घेतली. मावशी अजूनही ती जिलेबी विसरत नाहीत.

दीड वर्षांनी पीकविम्यासाठी सातबारा काढायला गेल्या, तर त्यावर त्यांचं नावच नव्हतं. ज्या कागदावर अंगठा दिला होता ते वारसनोंदीचं नव्हतं, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की मी आणि माझ्या मुली आमचा सगळा हक्क राजीखुशीनं, कोणतंही दडपण नसताना सोडून देतो. साक्षीदार दोन्ही भासऱ्यांच्या बैठकीतले.

"म्या तं अंगठा देल्ला," मावशी आमच्या बैठकीत म्हणाल्या, "पण मले कोनं वाचून नाई दाखवलं. आन् म्या इचारलं बी नाई. घरातला मोठा माणूस, त्याले काय इचारायचं?"

मैत्रिणींनो, हे "काय विचारायचं" आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणून इथं थोडं थांबतो. आमच्या ताईनं तेव्हा मावशींना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्यात बायको आणि मुली वारस आहेत, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तसं स्पष्ट आहे. कोणाच्या मेहेरबानीचा तो विषय नाही. दुसरी, फसवून किंवा दडपणाखाली घेतलेली सही कायद्यात पक्की धरत नाहीत. आपला करार कायदा १८७२ चा, इंग्रजांच्या वेळचा, पण त्यातही संमती मोकळ्या मनाची हवी असं लिहिलेलं आहे. अडाणी बाईचा अंगठा असेल, तर तिला तो मजकूर समजला होता हे दाखवायची जबाबदारी ज्याचा फायदा झाला त्याच्यावर कोर्टं टाकत आली आहेत. आणि अज्ञान मुलींचा हक्क आई असो की काका, कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी सोडू शकत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: असा कागद रद्द करून मागायचा तर तो कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "पाहू, दिवाळीनंतर पाहू" करत बसलं की मुदत जाते. मावशींनी चार महिन्यांत दावा लावला. वकील फुकट मिळाला.

हो, फुकट. हे पुष्कळ बायांना माहीतच नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाई असेल तर तिचं उत्पन्न किती हे न विचारता तिला सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही, लहान मुलांनाही. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसिलीत चकरा मारायची गरज नाही.

पहिल्या कोर्टात मावशी हरल्या. अपिलात जिंकल्या. जिंकल्या तेव्हा आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत पेढे वाटले. आणि पुढच्याच वर्षी नागपूरची नोटीस आली. भासरे दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालयात गेले होते. त्यांचं म्हणणं, निकालाला स्टे द्या, म्हणजे शेत पेरायला तिला मनाई करा.

नोटीस घेऊन मावशी ताईकडे आल्या, तेव्हा त्या थरथरत होत्या. कारंजाच्या कोर्टाची त्यांना सवय झाली होती. वाशीम पाहिलं होतं. पण नागपूर म्हणजे त्यांच्या मनात विधानसभा, मोठे साहेब आणि मोठे वकील. "आता तं आपलं सपलंच" असं म्हणत होत्या. ताईनं नोटीस तीनदा वाचली आणि सांगितलं की वरच्या कोर्टाची नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, बोलावणं आहे. उच्च न्यायालयाचीही विधी सेवा उपसमिती नागपूरला आहे. तिथं अर्ज केला, निकालाची प्रत जोडली, वकीलबाई नेमून मिळाल्या.

तर जूनमध्ये आम्ही पाच जणी निघालो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं, नाहीतर पाच जणींचं भाडं कोणाच्या पदरी होतं? पहाटेच निघालो. दशम्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. मावशींनी निकालाची प्रत पोलक्यात धरली होती, ती त्यांनी नागपूरपर्यंत काढली नाही.

कोर्ट सिव्हिल लाईन्समध्ये आहे. रिक्षातून उतरलो आणि सगळ्याच गप्प झालो. समोर भलीमोठी दगडी इमारत, उंच खांब आणि मधोमध घुमट. "हे तं राजवाडाच हाये वं माय," मावशी म्हणाल्या आणि दोन पावलं मागं सरल्या. खरं सांगायचं तर ती बांधलीच तशी आहे. इंग्रजी राज्यात, माणसाला आपण लहान आहोत असं वाटावं म्हणून. निदान आम्हाला तरी तसंच वाटलं.

आमच्या ताईनं मात्र या इमारतीबद्दल पुष्कळ वाचून ठेवलं होतं, कारण तिला ही जागा कितीतरी वर्षांपासून पाहायची होती. गेटवर ओळखपत्र दाखवून पास काढेपर्यंत ती आम्हाला सांगत होती. आपला हा भाग, वऱ्हाड, तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्यप्रांत आणि वऱ्हाड असा प्रांत होता. त्या प्रांताचं स्वतंत्र उच्च न्यायालय नागपूरला जानेवारी १९३६ मध्ये सुरू झालं. या इमारतीची कोनशिला ९ जानेवारी १९३७ ला बसवली आणि ६ जानेवारी १९४० ला व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या हातून उद्घाटन झालं. नकाशा काढला हेन्री मेड या इंग्रज वास्तुकारानं. नव्या दिल्लीच्या बांधकामात काम केलेला माणूस. या इमारतीला दगडातली कविता म्हणतात. पुढं १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, नागपूरचं वेगळं उच्च न्यायालय संपलं आणि ते मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ झालं. म्हणून आपल्या वाशीम जिल्ह्याच्या बाईला मुंबईला जावं लागत नाही. विदर्भाच्या सगळ्या अकरा जिल्ह्यांची वरची दाद इथंच लागते.

"आन् इथंच वकिली केलेला आपल्या अमरावतीचा माणूस २०२५ मध्ये देशाचा सरन्यायाधीश झाला," ताई म्हणाली. भूषण गवई साहेबांबद्दल ती बोलत होती. मावशींना ते आवडलं. अमरावती म्हटल्यावर त्यांना जरा घरच्यासारखं वाटलं.

आत गेल्यावर घुमटाखाली ताई उभी राहिली ती हलेचना. मान वर करून पाहत राहिली. वकील भराभरा ये-जा करत होते, तिला दोघा-तिघांचा धक्का लागला, तरी तिचं लक्ष नाही. आम्हाला वाटलं, घुमट पाहते आहे. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "ते इथंच ठरलं होतं ना? १९७६ ला?" प्रश्न वकीलबाईंना होता. त्या फाईल चाळत होत्या. त्यांनी मान वर केली, ताईकडे पाहिलं आणि फाईल मिटून ठेवली.

पुकारा व्हायला वेळ होता. आमचा नंबर त्या दिवसाच्या बोर्डावर बराच खाली होता. तेवढ्या वेळात वकीलबाईंनी हळू आवाजात जे सांगितलं, ते आम्ही तुम्हालाही सांगतो. लेकरं जवळ असतील तर जरा बाजूला पाठवा.

देसाईगंज, ज्याला वडसाही म्हणतात, ते गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. तिथं एक आदिवासी मुलगी होती, आईबापाविना पोरकी, भावाजवळ राहणारी, मजुरी करणारी. वय चौदा ते सोळा. घरगुती भांडणाची तक्रार भावानं दिली म्हणून २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना पोलीस स्टेशनला बोलावलं. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं. दारं लागली, दिवे गेले. बाहेर तिची माणसं उभी होती आणि आत दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. बाहेर येऊन तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, त्याच रात्री तक्रार झाली.

त्या मुलीचं नाव कायद्याच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. आम्ही ते घेणार नाही. अशा बाईचं नाव छापायला आता कायद्यानंच मनाई आहे, आणि ती मनाई तिच्याच खटल्यामुळं आली.

१९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. म्हणणं असं की मुलगी राजी होती. मग खटला इथं, नागपूरला आला. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. आणि त्यांनी सांगितलं की भीतीनं, लाचारीनं अंग टाकून देणं वेगळं आणि राजी असणं वेगळं. दोन्ही एक धरता येत नाही. रात्रीची वेळ, पोलीस स्टेशन, समोर वर्दीतले दोघे, तिथं ती पोर ओरडली नाही म्हणून ती राजी होती असं कसं म्हणता येईल?

वकीलबाई एवढं बोलून थांबल्या. आमच्यातली एक जण म्हणाली, "मग झालं ना बरोबर?" नाही झालं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता असं धरलं.

१९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार. विरोध न करणं आणि संमती देणं यातला फरक कोर्टाला कळू नये का, हा त्यांचा प्रश्न. ते पत्र देशभर फिरलं. १९८० च्या ८ मार्चला गावोगावच्या, शहरांतल्या बाया रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमाताई साखरे यांनी या प्रश्नावर कितीतरी वर्षं काम केलं. शेवटी १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस किंवा ज्यांच्या ताब्यात बाई आहे अशा माणसानं अत्याचार केला, संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ती कोर्टात म्हणाली की मी राजी नव्हते, तर कोर्टानं ते खरं धरून चालायचं, उलट शाबीत करायचं ते आरोपीनं. सुनावणी बंद दाराआड. आणि नाव छापायचं नाही.

त्या मुलीला या बदलाचा काही उपयोग झाला नाही. कायदा मागं जाऊन लागू होत नाही. हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प बसलो. नागपूर खंडपीठाचा निकाल टिकला असता तर, असं मनात येत राहिलं.

मावशी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या अचानक म्हणाल्या, "थे पोरगी चूप राह्यली, म्हून लोकायनं म्हटलं राजी व्हती. म्या बी तं चूपच राह्यली."

वकीलबाईंनी त्यांचा हात धरला. पण त्यांनी हेही लगेच सांगितलं, आणि आम्हाला ते पटलं, की दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका. तो फौजदारी गुन्हा, हा जमिनीचा दिवाणी दावा. तिथं पुराव्याचे नियम वेगळे, इथं वेगळे. तो निकाल दाखवून आपलं अपील जिंकता येणार नाही. आपल्याला आपल्या कागदावर, आपल्या साक्षीवर जिंकायचं आहे. फक्त प्रश्न विचारायची रीत दोन्हीकडे तीच: हो कोणत्या वेळी, कोणासमोर आणि काय समजून म्हटलं?

मुंबईच्या कोर्टाचीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती थोडक्यात. मुंबईची उच्च न्यायालयाची इमारत याहून जुनी, १८७८ ची. तिथं रखमाबाईंचा खटला चालला. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. मोठेपणी त्या नवऱ्याकडे जायला तयार नव्हत्या. नवऱ्यानं दावा केला. १८८५ मध्ये एका न्यायाधीशानं तो फेटाळला, पण अपील झालं आणि १८८७ मध्ये हुकूम निघाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढं त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी बायांचे दवाखाने चालवले. त्या काळी बाईला कोर्टात वकील म्हणून उभं राहायचीसुद्धा सोय नव्हती, तो कायदा १९२३ मध्ये झाला. आमच्या वकीलबाईंनी काळा कोट झटकला आणि हसल्या.

मग आमचा पुकारा झाला.

कोर्टाच्या खोलीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. न्यायमूर्ती वर, उंचावर. सगळं इंग्रजीत. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीतच चालतं. भासऱ्यांचे वकील बोलले, आमच्या वकीलबाई बोलल्या, न्यायमूर्तींनी दोन प्रश्न विचारले. आम्हाला फक्त "इलिटरेट" आणि "मायनर डॉटर्स" एवढे शब्द कळले. बी.ए. झालेल्यांनाही त्या वेगात काही उमजलं नाही, हे सांगायला आम्हाला लाज नाही. सात-आठ मिनिटं. सहा वर्षांचा दावा, आणि सात-आठ मिनिटं. पण ताईनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या अपिलात सगळी हकीगत पुन्हा उकरत नाहीत, कायद्याचा काही मोठा प्रश्न आहे का एवढंच पाहतात. म्हणून कोणी घाबरलं नाही.

बाहेर येऊन वकीलबाईंनी मराठीत सांगितलं. अपील निकाली निघालेलं नाही, ते चालेल, पुढची तारीख पडेल. पण स्टे दिला नाही. म्हणजे आज तरी निकाल मावशींच्या बाजूचाच उभा आहे, शेत त्यांच्या ताब्यात राहील.

मावशींनी एकच विचारलं, "पेरू का मंग?"

"पेरा," वकीलबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत हक्कसोडपत्रावर जे बोलणं झालं, ते आम्हाला कोर्टाइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारण मावशींना फसवलं, ते सरळ आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जणींना कोणी फसवत नाही. भाऊ राखीच्या वेळी येतो, लुगडं आणतो, चहा होतो आणि मग म्हणतो, ताई, एक सही लागते. आपल्याला ठाऊक असतं ती सही कशाची. आमच्यातल्या एकीनं दिली आहे. ती म्हणाली, "जमीन घेऊन काय करू? माहेरचं दार बंद झालं तर दिवाळीला कुठं जाऊ? नवऱ्यानं मारलं तर कुठं जाऊ?" दुसरी म्हणाली, "तुझ्या हातात दोन एकर असते तर नवऱ्यानं मारलं असतं का?" गाडीत आवाज चढला. कंडक्टरनं वळून पाहिलं.

आम्ही कोणालाही देऊ नका असं सांगत नाही. मुलगी म्हणून वडिलोपार्जित जमिनीत वाटा आपल्या महाराष्ट्रात १९९४ पासून कायद्यात आहे, सगळ्या देशात २००५ पासून मुलाच्या बरोबरीनं आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ मध्ये बाप जिवंत होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. आता आपल्या हक्काचं भावाला द्यायचं असेल तर द्यावं. ज्याचं त्याचं घर, ज्याचा त्याचा भाऊ. पण किती जमीन, किती किमतीची, आणि दिल्यावर परत मिळत नाही, हे समजून द्यावं. लुगड्याच्या बदल्यात देऊ नये. आणि भावानंही सहीचा कागद चार दिवस आधी घरी पाठवावा. ज्याला लपवायचं नाही त्याला चार दिवस जड जात नाहीत, असं आमचं मत आहे. आमच्या आयांच्या वेळी शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली होती, तेव्हा काही नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. त्या बाया आज म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांच्या घरात त्यांना कोणी अरेतुरे करत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

नागपूरहून आल्यापासून आमच्या ग्रामसंघात एक रीत पडली आहे. कोणाला कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही द्यायची असेल, तर ती तो कागद, नाहीतर मोबाईलवर त्याचा फोटो, आधी बैठकीत आणते. शिकलेली कोणी तरी तो मोठ्यानं वाचते. गुपित असेल तर फक्त ताईकडे. दोन महिन्यांत अकरा कागद आले. त्यातले आठ साधे होते, बँकेचे, विम्याचे. दोन कोरे होते, नुसत्या खुणा केलेले. एक हक्कसोडपत्र होतं. ते जिचं होतं तिनं वाचून घेतलं, आठवडाभर विचार केला आणि भावाला सांगितलं की अर्धा वाटा सोडते, अर्धा ठेवते. भाऊ रागावला. पण राखीला आला.

ताईनं पोलीस स्टेशनबद्दलही सगळ्यांना नीट सांगायला घेतलं आहे, त्या १९७२ च्या रात्रीमुळं. बाईला साक्षीसाठी पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, जबाब ती राहते तिथं येऊन घ्यावा लागतो. दिवस मावळल्यावर आणि उजाडण्याआधी बाईला अटक करत नाहीत. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. रात्री कोणी "चला" म्हटलं, तर हे ठाऊक असलं पाहिजे. फोन नंबर लिहून घ्या: फुकट कायदेशीर मदतीसाठी १५१००, बायांच्या मदतीसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. पेन नसेल तर चुन्यानं भिंतीवर लिहा, आमच्याकडे दोन घरांत तसंच लिहिलं आहे.

मावशींनी मृग लागल्यावर आठ दिवसांनी पेरलं. सोयाबीन आणि मधे मधे तुरीची ओळ. भासरे बांधावर आले होते, उभे राहिले आणि काही न बोलता गेले. पुढच्या तारखेला मावशी म्हणतात, तुम्ही सगळ्या कशाला येता, मजुरी बुडते तुमची, मी आणि ताई जाऊन येऊ. त्यांना आता गेट कोणतं, पास कुठं काढायचा आणि बोर्ड कुठं लावतात, ते माहीत आहे.